वाशीमकराचा समुद्र आणि भिंतीवरचे पंचांग

वाशीम जिल्ह्यास समुद्र नाही, आणि आकाशमार्गाने मोजला तरी जवळात जवळचा किनारा येथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंतु ज्या पठारावर हा जिल्हा वसला आहे त्याच्या माथ्यावर पडणारे पाणी मात्र एका समुद्रावर संतुष्ट राहत नाही. वाशिमाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेचा उतार धरून पूर्णेस मिळते आणि पूर्णा-तापीच्या संगतीने सुरतेपलीकडे अरबी समुद्रात जाते, तर दक्षिणेकडून वाहणारी पैनगंगा वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असे मुक्काम करीत बंगालच्या उपसागरास पोहोचते. म्हणजे पाणलोटाच्या धारेवरील दोन लगतच्या वावरांत एकाच दुपारी पडलेला पाऊस देशाच्या दोन टोकांस विभागला जातो. समुद्राशी असा दुहेरी व्यवहार असलेल्या मुलखातील माणूस स्वतः समुद्रावर जावयास निघाला की मात्र पुष्कळदा भलत्याच महिन्यात निघतो.

सुट्टीचा प्रघात येथे पूर्वी निराळा होता. उन्हाळ्यात मामाचे गाव, फार तर शेगावचे दर्शन, आणि हात जरा सैल असेल तर चिखलदऱ्याची थंड हवा, एवढ्यात हौस फिटत असे. गंमत अशी की, विलासस्थळ म्हणून प्राचीन वाङ्मयात लौकिक होता तो खुद्द वाशिमाचाच. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच, आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या नगरास मदनाचे क्रीडास्थान म्हणून गौरवून काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचे लग्नही येथेच लावून दिले आहे. त्या वत्सगुल्माच्या आजच्या रहिवाशाच्या मोबाईलवर सुट्टीचे चित्र म्हणून जे झळकते ते मात्र एजियन समुद्रातील सँटोरिनी बेटाचे असते: चुन्याने पांढरी केलेली घरे, निळे घुमट, खाली तितकेच निळे व निश्चल पाणी, आणि पाण्याकाठी मांडलेल्या मेजावर जैतुनाची फळे, चीज व भाजलेला मासा. ज्यांच्यापाशी ऐपत, व्हिसा आणि रजा या तिन्ही गोष्टी आहेत त्यांनी तेथे अवश्य जावे. बाकीच्यांनी त्या चित्राच्या नादाने जुलै महिन्यात कोकणची तिकिटे काढू नयेत.

कारण ते चित्र ज्या हवामानाचे आहे ते आपल्या नेमके उलट चालते. भूमध्य समुद्राच्या प्रदेशात पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि जून ते ऑगस्ट हे महिने कोरडे ठणठणीत असतात. त्यामुळे तेथील बेटांचा हंगाम साधारणतः मे महिन्यात उघडतो आणि ऑक्टोबरात मिटतो, इतका की क्रीट बेटावरील सामारियाची सोळा किलोमीटर लांबीची घळ, जी पायी उतरून जाण्यासाठी जगभरचे लोक येतात, ती हिवाळ्यात पाण्याच्या लोंढ्यांच्या भयाने बंदच ठेवली जाते. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी नावाचा वारा कधी कधी होड्यांचा खोळंबा करतो खरा, परंतु आकाश मात्र निरभ्र असते. शिवाय तेथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीतून महासागराची भरती आत शिरू शकत नाही, आणि म्हणून एजियनमधील बहुतेक किनाऱ्यांवर पाणी वीतभर चढले-उतरले तर तेवढेच. त्या वाळूवर सकाळी अंथरलेली सतरंजी संध्याकाळपर्यंत जागच्या जागी कोरडी राहते, आणि प्रवाशास चंद्राची विचारपूस करण्याचे काहीच प्रयोजन उरत नाही.

आपला समुद्र असा बिनतक्रार नव्हे. जो नैर्ऋत्य वारा मृगाच्या सुमारास वाशीम-रिसोडच्या काळ्या जमिनीवर सोयाबीनच्या पेरणीचा मुहूर्त घेऊन येतो, तोच वारा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर बंदीचा हुकूम घेऊन आधी पोहोचलेला असतो. मे अखेरीस लाटा उसळू लागतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीफेऱ्या व जलक्रीडा थांबतात, १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी सरकारी आदेशाने बंद राहते, आणि पुढे नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून कोळी व गाबीत बांधव दर्याशी पुन्हा व्यवहार सुरू करतात. प्राचीन ग्रीक भाषिक खलाशांनी याच वाऱ्याचे तंत्र ओळखून अरबी समुद्र ओलांडला आणि थेट भडोचपर्यंत व्यापार केला. पहिल्या शतकात त्यांच्यापैकी एकाने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ नामक वृत्तांतात पैठण व तेर या आपल्या गावांचा उल्लेख आहे. म्हणजे ग्रीकांना जो वारा कळला होता तो आपणांस सुट्टी आखताना कळू नये, ही गोष्ट जरा लाजिरवाणीच म्हणावी लागेल.

शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे महिन्यात कोकणात जाणे पुष्कळांस भाग पडते, आणि वाशिमच्या रणरणत्या उन्हातून सुटल्याचे समाधानही त्यात असते. मात्र सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील मालवणात पारा खाली असला तरी हवेतील दमटपणा असा की कोरड्या उन्हास सरावलेला वऱ्हाडी माणूस दुसऱ्या दिवशी घरच्या कूलरची आठवण काढू लागतो. माझे मत विचाराल तर आमच्या जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबास खरा मोकळा पंधरवडा मार्गशीर्षात सापडतो. सोयाबीन बाजार समितीत गेलेले असते, हरभरा उगवून आलेला असतो, तूर अद्याप शेंगांवर असते, आणि नेमका त्याच वेळी कोकणचा समुद्र वर्षातील सर्वांत शांत व स्वच्छ रूपात असतो. शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली ती २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, म्हणजे याच हंगामात, आणि समुद्रात दगड ओतायचे तर दुसऱ्या कोणत्या हंगामात ओतणार?

आता तिथीचा विषय, आणि येथे वाशीमकरास कोणी शिकवण्याची गरज नाही, कारण भरती-ओहोटीचे सर्व गणित त्याच्या घरी भिंतीवर टांगलेलेच असते. पौर्णिमेस व अमावास्येस सूर्य आणि चंद्र एका ओळीत येऊन पाणी ओढतात, तेव्हा भरती फार चढते आणि ओहोटी फार खोल जाते; यास किनाऱ्यावर उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांचे ओढणे एकमेकांस आडवे होते आणि पाणी जेमतेम हलते, हा भांग. वेळ काढण्याचा जुना आडाखा असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा सुमार निघतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, आणि पौर्णिमेस बाराच्या आगेमागे. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागेकडचा. मालवणास भरती किंचित आधी येते, म्हणून अंतिम शब्द होडीच्या तांडेलाचा मानावा. वटपौर्णिमा आणि संकष्टी पाहण्यापुरतेच ज्या पानाकडे लक्ष जाते त्या पानावर समुद्राचे वेळापत्रकही छापलेले असते, हे मात्र किनाऱ्यावर गेल्यावाचून ध्यानात येत नाही.

या ज्ञानाचा उपयोग तात्काळ होतो. मालवणजवळच्या देवबागेस कर्ली नदी जेथे समुद्रास मिळते तेथे वाळूचा एक उंचवटा आहे, ज्यास सर्वजण त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे स्थानिक लोक सांगतात. जलक्रीडांची गर्दी येथेच, आणि हे बेट भरतीस पाण्याखाली जाते व ओहोटीस डोके वर काढते. सप्तमी ते दशमीच्या दरम्यान गेल्यास ओहोटी भर दुपारच्या सुमारास पडते, आणि आसपास प्रवाहही मंद असल्याने पाण्याखाली पाहण्यासही तेच दिवस बरे. उलट सिंधुदुर्गाचा धाकटा सोबती पद्मगड, जो ओहोटीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्याकडून उघड्या पडणाऱ्या वाळूवरून गाठता येतो, त्याच्यासाठी उधाणाच्या दिवसांची खोल ओहोटी हवी. आणि ती पहाटे किंवा सायंकाळी पडत असल्याने झोपाळू मंडळींनी तो नाद सोडावा. पाणी परतू लागण्यापूर्वी निघणे तर सर्वांनाच भाग आहे.

खुद्द सिंधुदुर्गास मात्र भरपूर वेळ द्यावा. ग्रीक बेटांवरही व्हेनिसवाल्यांनी बांधलेले जलदुर्ग आहेत आणि प्रवासी त्यांच्या तटावरून सूर्यास्त पाहतात; आपल्याकडे तटावर चढतात, छायाचित्र काढतात आणि परतीच्या होडीसाठी धावतात. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांच्या या बेटावर नागमोडी वळणांची तटबंदी तीन वर्षांत, १६६७पर्यंत, उभी राहिली. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली पायाच्या दगडांत शिसे ओतून ती समुद्राशी जखडली गेली. दरवाजा असा वळणात लपवला आहे की होडी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. राजाराम महाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वराचे मंदिर आत आहे, आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवले जातात. परंतु पाण्याच्या टंचाईत वाढलेल्या आमच्यासारख्यांचे पाय अडखळतात ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी. चहूबाजूंनी खारे पाणी, आणि मध्ये गोड पाण्याच्या विहिरी! खडकात मुरलेले पावसाचे हलके पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, हे त्याचे शास्त्र. ज्यांनी आपल्या शिवारात चर खणून पाणी जिरवण्याची कामे पाहिली आहेत त्यांस ते चटकन पटेल.

किल्ल्याभोवतीचे पाणी हा मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे, आणि खडकांवर वाढलेले प्रवाळ व त्यांतून फिरणारे रंगीत मासे पाहण्यास नळी तोंडात धरून पृष्ठभागावर तरंगणे पुरेसे होते. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जाण्याची ज्यांस उमेद आहे त्यांच्यासाठी तारकर्लीस पर्यटन महामंडळाचे डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पोहता न येणारे लोकही प्रशिक्षकाच्या हाती स्वतःस सोपवून खाली जातात. प्रवाळावर पाय ठेवू नये व त्याचा तुकडा खिशात घालू नये, एवढे मात्र मुलांस आधीच बजावून ठेवावे, कारण बोटभर वाढण्यासही त्यास वर्षे लागतात. या सर्व विकतच्या करमणुकीहून मला रापण अधिक मोलाची वाटते. लांबलचक जाळे होडीने अर्धवर्तुळात सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी ओढायची आणि आलेल्या मासळीचे वाटे घालायचे, ही गावकीची जुनी रीत. पाहुण्याने दोरास हात लावला तर कोणी हरकत घेत नाही.

जाण्याचा मार्ग पूर्वीइतका दुस्तर राहिलेला नाही. कोकण रेल्वे पूर्ण खुली झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी, आणि वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो त्याच वर्षी १ जुलैस. आता तर समृद्धी महामार्ग कारंजावरून जातो. अकोल्यास मुख्य मार्गाची गाडी धरून ठाण्यास उतरावे आणि तेथून कोकण रेल्वेने कुडाळ गाठावे, हा सर्वांत सोपा क्रम. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर. मुक्कामास घरगुती निवास-न्याहारीची सोय धरावी, कारण भरतीची वेळ विचारायला घरमालकाइतका विश्वासू अधिकारी सापडत नाही.

राहता राहिले जेवण. लसूण, शेंगदाणे आणि तेलाच्या तर्रीवर पोसलेल्या जिभेस नारळाच्या वाटपाचा मवाळपणा पहिल्या घासास फिका वाटतो, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पण तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तव्यावरची सुरमई आणि कोंबडी-वडे यांनी दुसऱ्याच जेवणात तह घडवून आणलेला असतो. कारंजा-शिरपूरकडील जैन मंडळी व इतर शाकाहारी यांनी उपाशी राहण्याचे भय बाळगू नये. काळ्या वाटाण्याची आमटी, ओल्या काजूंची उसळ, घावन आणि आंबोळ्या यांवर मजेत मुक्काम होतो, फक्त ओले काजू हवे असतील तर उन्हाळ्याच्या तोंडाशी जावे लागते आणि कंदमुळे न खाणाऱ्यांनी वाटणात कांदा-लसूण नको हे आदल्या दिवशीच सांगावे लागते. ग्रीक मेजावर लिंबाचे जे काम, ते येथे कोकमाचे. सोलकढी घरी येऊन करू म्हणणाऱ्यांची फजिती होते ती नारळ ताजा न मिळाल्यामुळे. आमसुले मात्र वर्षभर टिकतात, आणि चिंचेऐवजी दोन आमसुले आमच्या तुरीच्या वरणात घातल्यास वरणाचा रंग किंचित काळवंडतो व चव सुधारते, असे ठाम मत नमूद करतो, वाशिमच्या आयाबायांनी यावर कितीही आक्षेप घेतला तरी.