खरकट्यातले तेल

लग्नाची पंगत उठली की मांडवामागे भाताचे ढीग साचतात. त्या ढिगातून तेल काढता येते, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. गोष्ट मात्र खरी आहे. आणि तिचा जमाखर्च नागरिकांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

शेवाळ म्हटले की विहिरीच्या पायऱ्यांवरचा हिरवा थर आठवतो. परंतु शेवाळाच्या असंख्य जाती नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक असतात. बहुतेक उन्हावर जगतात. काहींना मात्र साखर व हवा मिळाली की त्या बंद टाकीत, काळोखातही वाढतात. साखर भरपूर आहे पण नत्र संपले, अशी वेळ आली की त्यांतल्या कित्येक वाढ थांबवून अंगात चरबी साठवू लागतात. तेच आपले तेल.

ही साखर आणावयाची कोठून? भात, पोळी, पाव यांत पिष्ट असते, आणि पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी. ती तोडण्याचे काम बुरशी करते. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ॲस्परजिलस वर्गातील दोन बुरशांकडून खरकट्याचा असा गोड रस करून घेतला आणि त्यावर क्लोरेला व शिझोकायट्रियम हे दोन जीव वाढविले. यांतला दुसरा काटेकोर वर्गीकरणात शेवाळ नव्हे, पण व्यवहारात त्यांतच धरतात. त्याच्या तेलात डीएचए नावाचे मेदाम्ल असते. मेंदूच्या व डोळ्याच्या घडणीत ते लागते. मासळीच्या तेलातील डीएचएसुद्धा मुळात अशाच सूक्ष्म जीवांकडून माशांत आलेले असते.

आता खर्चाची बाजू पाहू. शंभर किलो साखरेपासून, सगळे मनासारखे घडले तरी, तेहतीस किलोंच्या वर तेल निघू शकत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमी. टाकीत हवा सोडणे, पाणी वेगळे करणे, पेशी फोडणे यांना वीज लागते ती निराळीच. म्हणून यातून मोटारींसाठी स्वस्त इंधन मिळेल, ही आशा आम्ही धरीत नाही. डीएचएसारख्या महाग तेलाचा मेळ बसण्याचा संभव अधिक.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. पण अन्न वाया गेले म्हणजे टाकीला कच्चा माल मिळाला, असे होत नाही. काच, प्लॅस्टिक, औषधांच्या पुड्या मिसळलेले खरकटे त्या कामी येत नाही. ओले-सुके घरातच वेगळे करावे, असा देशाचा नियम २०१६ साली झाला. तो पाळला गेला नाही, तेथे निवडण्याचे काम कोणाच्या तरी उघड्या हातांवर येते. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत दारोदारचा कचरा उचलला. हे काम मोलाचे आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

यासाठी आमचे सांगणे असे : पहिल्याने ताटात टाकू नये, खाण्याजोगे उरले ते माणसाला, मग जनावराला द्यावे, त्यानंतर उरेल ते टाकीला. आणि उद्या असा कारखाना आपल्या गावी निघालाच, तर कच्चा माल फुकट आहे असे त्याच्या हिशेबात लिहू देऊ नये. निवडणाऱ्याची मजुरी तेलाच्या भावात धरली आहे ना, हे पहिल्या दिवशीच विचारावे.