स्क्रीनसमोर पापणी विसरू नका

सातबारा, पीकविमा, दाखले, सारेच आता संगणकावर आले. यवतमाळ जिल्ह्यातील सेवा केंद्रांत दिवसभर मॉनिटरसमोर बसणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात, लाल होतात. कारण साधे आहे. एरवी मिनिटाला 15 ते 20 वेळा मिटणारी पापणी स्क्रीन पाहताना निम्म्याहून कमी वेळा मिटते. त्यात कूलरचा झोत तोंडावर आला, की डोळ्यांतील ओलावा लवकर सुकतो.

हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतक्या अंतरावर मॉनिटर ठेवा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांवर नजर टाका. धुळीने अक्षरे अंधूक दिसतात. वीज बंद करून मऊ, कोरड्या कापडाने पडदा पुसा. स्पिरिट वापरू नका.

लाल डोळ्यांसाठी मेडिकलमधून मनानेच थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असल्यास आराम वाटतो, पण दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही. आठवडाभरात बरे न वाटल्यास डोळे तपासून घ्या. दुखत असल्यास किंवा अंधूक दिसत असल्यास त्याच दिवशी या.