चिंचिला प्राण्याचें खाणें व निगा

अंधेरी-मुलुंडकडे कोणास चिंचिला पाळण्याची हौस असल्यास त्यानें प्रथम त्याचें मूलस्थान ध्यानांत घ्यावें, असें आम्ही सुचवितों. हा दाट लोकरीचा, कुरतडणारा लहान प्राणी दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या उतारांवरील होय. २५ अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्मा त्यास बाधतो; दमट हवाही सोसत नाहीं.

त्याचे दांत जन्मभर वाढतात. ते झिजावे म्हणून वाळलेलें गवत सदोदित पुढें ठेवावें. बुरसट गवत कटाक्षानें टाळावें. फळें व गोड पदार्थ यांनीं पोट बिघडतें. पाण्यानें न्हाऊं घालूं नये. त्याकरितां मिळणाऱ्या बारीक, कोरड्या भुकटींत लोळूं द्यावें.

बैल घेण्यापूर्वी आपण वैरणीचा हिशेब करितों. येथें हवेचा करावा. थंड, कोरडी खोली बारमास राखणें शक्य नसेल, तर हा प्राणी न पाळणेंच उत्तम.