आहारतज्ज्ञ व्हायचंय? सुरुवात परभणीत होऊ शकते!

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवच्या बारावीच्या मुलामुलींनो, पोषणशास्त्र शिकायला पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असं नाही. शेजारच्या परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या चार वर्षांच्या पदवीत अन्नशास्त्र आणि पोषण शिकवतात. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारीही याच विद्यापीठाची, २०१८ची.

पुढची वाट: आहारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयात इंटर्नशिप, मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन) परीक्षा.

शिकायचं काय? किडनीच्या रुग्णाची भाजी चिरून, उकळून ते पाणी ओतून दिलं की पोटॅशियम कमी होतं. मधुमेहात भाकरी बंद होत नाही, पिठाचं माप ठरतं. आपली ज्वारी-तूर जाणणारे आहारतज्ज्ञ हिंगोलीला हवे आहेत. नक्की विचार करा!