घरखर्चाचा नकाशा – भाग ४ : भाडं कमी, म्हणजे घर स्वस्त?

बदलीची ऑर्डर हातात पडली की पहिली चौकशी भाड्याची. ‘तिकडे टू बीएचके कितीला मिळतो?’ आकडा ऐकून माणूस खूश होतो किंवा हबकतो आणि हिशेब तिथेच मिटवतो. वीज, पाणी आणि मेंटेनन्सचे आकडे सामान लावून झाल्यावर कळतात.

मुंबईचंच बघा. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची वीज, उपनगरांच्या मोठ्या भागात अदानीची, भांडुप-मुलुंडला महावितरणची. टाटा पॉवरचे ग्राहकही शहरभर आहेत. प्रत्येक कंपनीचे दर राज्य वीज नियामक आयोग वेगवेगळे ठरवतो. त्यामुळे मुलुंडचा भाडेकरू भाडं मुंबईचं देतो आणि विजेचा दर गडचिरोलीचा!

दर एक असला तरी बिल एक येत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: पहिली १०० युनिटं स्वस्त, त्यापुढची ३००पर्यंतची जवळजवळ दुप्पट भावाची. (शंभरी ओलांडली की सगळीच युनिटं महागतात, हा समज चुकीचा, वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.) आता नागपूरचं एक साधं कुटुंब धरू, एरवी महिन्याला ९० युनिटं वापरणारं. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की २०० वॉटचा कूलर दिवसाचे १२ तास चालतो. महिन्याची ७२ युनिटं वाढली, एकूण १६२. वापर दुप्पटही झालेला नाही, बिल मात्र दुपटीच्या आसपास जातं. कारण वाढलेल्या युनिटांपैकी ६२ वरच्या टप्प्यात बसतात आणि १६ टक्के वीज शुल्कही त्याच प्रमाणात वाढतं. विदर्भात कूलर ही चैन नव्हे. पण टप्पे ठरवताना उन्हाळा कोण मोजतो? हेच कुटुंब दिल्लीत असतं तर २०१९पासूनच्या सवलतीमुळे २०० युनिटांच्या आत त्याचं बिल शून्य आलं असतं.

भाड्याची गंमत याहून मोठी. गिरगावातल्या पागडीच्या खोलीचं भाडं १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवून ठेवलं होतं. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण मूळ आकडाच इतका छोटा की आजही अशा खोलीत विजेचं बिल भाड्याच्या वर जाऊ शकतं. शेजारच्या नव्या टॉवरमध्ये अकरा महिन्यांचा करार, भलंमोठं डिपॉझिट, वर दलाली. पत्ता एकच, पिनकोडही एकच.

पाण्याचं गणित सोसायटीच्या वहीत दडलेलं असतं. पुण्याजवळच्या वाघोली-उंड्रीकडे भाडं कोथरूडपेक्षा हलकं. मात्र टँकर लागले की त्यांचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो. लातूरने तर एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिलं. त्या उन्हाळ्यात तिथल्या स्वस्त भाड्याचं कौतुक कुणी केलं नसणार.

म्हणून भाडं विचारताना आधीच्या भाडेकरूचं मे महिन्याचं लाइट बिल मागून घ्यावं. सोसायटीच्या सेक्रेटरीला टँकरचा खर्चही विचारावा. तो पटकन उत्तर देत नसेल, तर वॉचमनला विचारावं; दिवसाला किती टँकर आत येतात, हे त्याला नक्की माहीत असतं.

पुढच्या आठवड्यात : पाइपचा गॅस आणि सिलिंडर.