राखणीच्या कुत्र्याची जखम व पाल्यापासून केलेले रौप्यकण

शेतकरी बंधूंस घरचें जनावर म्हटलें म्हणजे बैल, गाय व शेळी आठवते. रात्रभर संत्र्याची बाग राखणारा कुत्रा आठवत नाहीं. रानडुकराच्या सुळ्यानें त्याची कूस फाटली म्हणजे तीवर राख, रॉकेल अगर इंजिनाचें जळकें तेल ओततात, आणि किडे पडल्यास पिकावर फवारण्याचें विषही घालतात. महसुली नोकरींत आम्हीं हा प्रकार गांवोगांवीं पाहिला आहे. रॉकेलानें कोंवळें मांस जळतें, विष चाटण्यानें पोटांत जातें, आणि जखमेनें न मेलेला कुत्रा उपचारानें मरतो.

वास्तविक जखम शरीरच भरून काढतें. प्रथम रक्त गोठतें, मग सूज येऊन जंतू व मृत मांस यांचा निचरा होतो, नंतर तांबूस मांस भरतें व शेवटीं कडांकडून त्वचा सरकत येते. औषधानें ही वाट मोकळी ठेवावयाची असते. जखम स्वच्छ व किंचित ओलसर झांकून ठेविल्यास त्वचा लवकर येते, हें जॉर्ज विंटर यांनीं १९६२ सालीं डुकरांवरील प्रयोगांनीं दाखविलें.

ह्या कामीं आपल्या बांधावरील कडुनिंब उपयोगी पडण्याचा संभव आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं निंबाच्या पाल्याच्या काढ्यानें चांदीच्या क्षारापासून अतिसूक्ष्म रौप्यकण केल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें अमरावती विद्यापीठांत प्रा. महेंद्र राय यांनींही बुरशी व वनस्पती यांपासून असे कण करण्याचें पुष्कळ काम केलें. मीटरचे शंभर कोटी भाग केल्यास एक नॅनोमीटर होतो; हे कण १ ते १०० नॅनोमीटरांचे असतात. कण जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग अधिक. म्हणून थोडी चांदीही जंतूंस भारी पडते. असे कण मलमांत अगर पट्टींत घालून जनावरांच्या जखमांवर पारखले जात आहेत.

दुसरी चिकित्सा कुत्र्याच्या स्वतःच्या रक्ताची. रक्त यंत्रांत फिरवून त्यांतील बिंबाणू वेगळे काढतात व जखमेंत सोडतात. त्यांतील वाढीचीं द्रव्यें नवें मांस येण्यास साहाय्य करितात.

परंतु निंबाचा काढा म्हणजे रौप्यकण नव्हेत. चांदीचा क्षार त्वचा जाळतो, व कणांची मात्रा अधिक झाल्यास जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. म्हणून हा प्रयोग घरीं कोणींही करूं नये.

तूर्त इतकें करावें. कुत्र्याचें तोंड बांधून, एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सुमारें ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुवावी, स्वच्छ फडकें बांधावें, तोंडबांध सोडून चाटूं न देण्यासाठीं गळ्यांत रुंद पुठ्ठा घालावा, आणि त्याच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. नागपुरांत सेमिनरी हिल्स येथें १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जखम दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची असल्यास तिला उघडा हात लावूं नये, व पिसाळरोगाच्या लसीविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.

जो आपलें शेत राखतो त्याची जखम राखणें हें आपलें कर्तव्य आहे, इतकेंच आमचें सांगणें.