गाडीतली ‘खट-खट’ मोबाईलने पकडा

मनोरीहून माल गाडीने न्यायचा म्हणजे उत्तन-भाईंदरचा वळसा आलाच. त्यात गाडी खट-खट करायला लागली आणि मेकॅनिकने अंदाजाने पार्ट बदलला, तर ते बिल तुमच्याच मार्जिनमधून जातं. म्हणून आधी रेकॉर्डिंग करा.

फोन आतून एका चाकाजवळ टेपने चिकटवा, रिकाम्या रस्त्यावर २० च्या स्पीडने जा. मग तोच रस्ता, तोच स्पीड, फोन दुसऱ्या कोपऱ्यात. फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतो बरं का, त्यामुळे इंजिनाच्या मानाने खट-खट कुठे ठळक येते ते ऐका.

आता मोजा. २० ला छोट्या व्हॅनचं चाक सेकंदाला साधारण ३ वेळा फिरतं. खट-खटही तेवढीच? चाकाकडे बघा. उभ्या गाडीत रेस दिल्यावरही येते? मग इंजिनाकडे. क्लिप मेकॅनिकला आधीच पाठवा.